दाराआडून शिकवलेलं चक्रवाढव्याज

माझे वडील मिठाच्या खात्यात कारकून होते. कोपर-डोंबिवलीकडच्या खाडीकाठी तेव्हा मिठागरं होती आणि त्यांचा मुक्काम बहुतेक तिकडेच असे. मी त्यांची थोरली मुलगी. माझ्या पाठचे दोन भाऊ लहानपणीच गेले, त्यामुळे असेल किंवा एकट्याला करमत नसे म्हणून असेल, ते मला बरोबर घेऊन बांधावरून फिरत. चालताना ते पावकीचा, म्हणजे पावपटीचा पाढा म्हणत आणि मी मागोमाग म्हणे. मग निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. शाळेत मुलगे जे घोकत होते ते मी उन्हात चालता चालता पाठ केलं. आई म्हणे, पोरीच्या जातीला अडीचकी काय करायची आहे? वडील म्हणत, तिला जड होत नाही तर तुझं काय जातं?

व्याज त्यांनीच शिकवलं. ते गोष्टीसारखं सांगत. एकाने दुसऱ्याला शंभर रुपये दिले, वर्षाने त्याने पाच जास्त परत केले, हे सरळव्याज. त्याने ते पाच दिलेच नाहीत, तर पुढच्या वर्षी एकशेपाचांवर व्याज बसणार, हे चक्रवाढ. मला त्या दुसऱ्या प्रकारात जास्त गंमत वाटे. मी खडे मांडून पुढच्या पुढच्या वर्षांचे आकडे काढत बसे. आई हाक मारून दमून जाई.

पुढे रीतीप्रमाणे लग्न झालं आणि मी कल्याणला सासरी आले. घर लहान होतं, तळ्याच्या अंगाला. घरात सासूबाई, हे आणि मी एवढेच. सासरे पूर्वीच वारले होते. हे मामलेदार कचेरीत उमेदवारी करत होते. उमेदवार म्हणजे काम पुऱ्या कारकुनाचं आणि पगार काही नाही. नोकरी पक्की व्हायची तर पब्लिक सर्व्हिसची परीक्षा पास व्हावी लागे. यांचं अक्षर मोत्यासारखं होतं, मोडी भराभर लिहीत, व्याकरण तोंडपाठ. पण गणितात अडकत. एकदा परीक्षेला बसले आणि गणितापायी नापास झाले. दुसऱ्या वेळेस फी भरली तेव्हा सासूबाईंनी पेटीत जपून ठेवलेली आपली नथ मोडली होती. हे मला शेजारणीकडून कळलं. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे.

दुपारी जेवणं झाली की हे माजघरात पाटी घेऊन बसत. मी स्वयंपाकघराच्या दाराआड तांदूळ निवडत असे. दिवसाउजेडी नवराबायकोंनी बोलायची रीत नव्हती, म्हणून आमच्यामध्ये ते दार अर्धं लोटलेलं असे. हे उदाहरण मोठ्याने वाचत. तसं वाचल्याने ते सोपं होईल असं त्यांना वाटत असावं. एके दुपारी ते एकच उदाहरण पुन्हा पुन्हा वाचत होते: अडीचशे रुपयांचं, दरमहा दरशेकडा बारा आणे दराने, आठ महिन्यांचं व्याज किती? पाटीवर पेन्सिल कुरकुरायची, मग थुंकी लावून पुसल्याचा आवाज, मग पुन्हा वाचणं. माझे हात तांदळात होते आणि डोक्यात अडीचकी सुरू झाली होती. बाराची अडीचपट तीस. महिन्याला तीस आणे, आठ महिन्यांचे दोनशे चाळीस, आणि सोळा आण्यांचा रुपया.

"पंधरा रुपये," मी सुपाकडे बघत म्हटलं.

पलीकडे पेन्सिल थांबली. मला वाटलं, आता काही खरं नाही. थोड्या वेळाने पेन्सिल पुन्हा चालू लागली, पुष्कळ वेळ चालली, आणि मग यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "कसे आले?"

मी भिंतीला सांगावं तसं सांगितलं. यांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, "पुढचं वाचतो."

आमचा संसार खऱ्या अर्थाने त्या दुपारी सुरू झाला, असं मला पुढे बरीच वर्षं वाटत असे.

ही गोष्ट सासूबाईंपासून लपणं शक्य नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या ओटीवरून आत आल्या आणि दाराशी उभ्या राहून ऐकू लागल्या. हे पाटी खाली ठेवून उठूच लागले होते. सासूबाई म्हणाल्या, "ऊठ कशाला? तिने सांगितलं म्हणून उत्तर चुकतंय का?" आणि वाती वळायचा कापूस घेऊन पुन्हा ओटीवर जाऊन बसल्या. त्यानंतर रोज दुपारी त्या तिथेच बसत. कोणी आलं तर, मुलगा अभ्यास करतोय, नंतर या, असं सांगून वाटेला लावत. मुलगा कोणापाशी अभ्यास करतोय हे मात्र त्यांनी मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

सरळव्याज यांना लवकर आलं. मुद्दल, दर, मुदत आणि व्याजासकट होणारी रास, यांतली तीन दिली की चौथं काढायचं, एवढंच त्यात असतं. चक्रवाढीपाशी मात्र गाडी थांबली. हे रीत पाठ करत आणि उदाहरण जरा वळवून घातलं की रीत कुठून लावायची तेच त्यांना सुचेना. एक उदाहरण आम्हांला चांगलंच लक्षात राहिलं. एका मुद्दलाचं, दर साल दर शेकडा पाच दराने, दोन वर्षांचं सरळव्याज आणि चक्रवाढव्याज यांत एक रुपयाचा फरक पडतो, तर मुद्दल किती? हे म्हणाले, छापण्यात चूक आहे. मुद्दल दिलेलं नाही, व्याज दिलेलं नाही, रास दिलेली नाही, नुसत्या एका रुपयावरून कोण काय काढणार?

मी त्या दिवशी पहिल्यांदा दार पुरतं उघडलं. पाटी मागून घेतली. त्यांना म्हटलं, पहिल्या वर्षी दोन्ही व्याजं सारखीच. दुसऱ्या वर्षी चक्रवाढीत जास्त काय येतं? पहिल्या वर्षीच्या व्याजावरचं व्याज, तेवढंच. तोच हा रुपया. आता शेकडा पाचांनी एक रुपया कशावर येतो? वीस रुपयांवर. म्हणजे पहिल्या वर्षीचं व्याज वीस रुपये. आणि वीस रुपये व्याज कशावर येतं?

त्यांनी पाटी ओढून घेऊन आकडे मांडले. मग मान वर करून म्हणाले, "चारशे." त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. ते हसले आणि मीही हसले, आणि ओटीवरून सासूबाईंनी खाकरून आम्हांला भान दिलं.

त्या वर्षी हे पास झाले. गणितात चांगले गुण होते. निकाल कळला त्या दिवशी त्यांनी पेढे आणले, देवापुढे ठेवले, सासूबाईंना नमस्कार केला आणि दाराआड येऊन मला म्हणाले, "हे तुझं आहे, हे मी विसरणार नाही." मी पदराने तोंड पुसत स्वयंपाकघरात गेले.

नोकरी लागली ती ठाण्याला, शाळाखात्याच्या कचेरीत. आम्ही नौपाड्यात बिऱ्हाड केलं. तेव्हा तिकडे भातशेतं आणि आंब्याच्या वाड्या होत्या, संध्याकाळी कोल्हे ओरडत. सासूबाई तिथेच एका पावसाळ्यात गेल्या. यांचा जम चांगला बसला. पुढे डेप्युटींच्या हाताखाली शाळा तपासायला जाऊ लागले. मुरबाड, शहापूर, भिवंडीकडच्या शाळांच्या परीक्षा घेत. परीक्षेला गणितं लागत, आणि तीच ती पुस्तकातली घातली तर पंतोजी मुलांकडून उत्तरं घोकून घेत. म्हणून नवी उदाहरणं हवी असत.

ती मी करत असे. फिरतीवर जाण्याआधी हे कागद घेऊन माझ्यासमोर पाटावर बसत. आता आम्हांला दार लागत नव्हतं. मी आजूबाजूला बघूनच उदाहरणं रचत असे. कल्याणजवळच्या मोहने गावातल्या एका बाईने म्हैस घ्यायला ऐंशी रुपये, रुपयाला सालीना एक आणा दराने, चक्रवाढीने घेतले, तर दोन वर्षांनी तिने काय द्यावं? पहिल्या वर्षाचे पंच्याऐंशी, दुसऱ्या वर्षाचे नव्वद रुपये पाच आणे. उत्तरात कुठेही सुटी पै किंवा अपूर्णांक उरता कामा नये, असा माझा हट्ट असे. मुलांनी रीत बरोबर धरली तर शेवटी आकडा स्वच्छ निघावा, म्हणजे त्यांनाच कळतं आपलं बरोबर आलं. हे म्हणत, तू फार लाड करतेस मुलांचे.

फिरतीहून परत आले की पाय धुऊन होताच पहिली बातमी ती असे. शहापुरात म्हशीचं उदाहरण एकानेच सोडवलं. भिवंडीत सगळ्यांनी सरळव्याजच काढलं. मुरबाडच्या पंतोजीलाच ते येईना आणि तो म्हणाला, साहेब, बाई म्हैस विकून का टाकत नाही? आम्ही दोघं त्यावर पोट धरून हसलो होतो. मी कधी मुरबाड पाहिलं नाही, पण तिथल्या शाळेत माझं उदाहरण पोचलं होतं, आणि ते कोणी घातलं हे एका माणसाला ठाऊक होतं, एवढं मला पुष्कळ होतं.

आमची मुलगी मोठी झाली तेव्हा ठाण्यात मुलींची शाळा चांगली चालत होती. शाळेच्या बाई पुण्याहून शिकून आलेल्या, लहान वयात विधवा झालेल्या, बोलायला मोजक्या. मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा हे स्वतःच म्हणाले होते की वरच्या इयत्तेत मुलींना व्याजापर्यंत गणित ठेवायचं मी बघतो. कमिटी माझं ऐकते. "तुझी उदाहरणं आता मुली सोडवतील," असं म्हणाले. मी त्या दिवशी पुरणपोळी केली होती. सण नव्हता काही.

मग बक्षीस समारंभ आला. कलेक्टरसाहेबांच्या मडमेच्या हस्ते बक्षिसं होती. शाळेच्या दालनात पुढे खुर्च्यांवर पुरुष मंडळी, मागे बांबूच्या काड्यांच्या चिकाचा पडदा आणि पडद्याआड आम्ही बायका. माझी मुलगी पहिल्या रांगेत परकर-पोलक्यात बसली होती. मुलींनी कविता म्हटल्या, विणलेले रुमाल दाखवले. त्यानंतर शाळेच्या कमिटीतर्फे हे बोलायला उभे राहिले. मी पडद्याला डोळा लावला.

बोलणं आधी नेहमीचंच होतं. सरकारचे आभार, मडमेचे आभार. मग त्यांनी कमिटीचा ठराव वाचून दाखवला. वरच्या इयत्तेतल्या मुलींच्या गणितातून त्रैराशिक आणि व्याज काढून टाकावं, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार आणि घरखर्चाचा हिशेब एवढंच ठेवावं, आणि उरलेल्या वेळात शिवण-विणकाम घ्यावं. मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काही चूक झाली. इतक्यात पुढच्या खुर्चीवरच्या एका बुजुर्ग वकिलांनी हसत विचारलं की रावसाहेब, आपल्याकडे शाळाखातं आहे, आपण घरात हा प्रयोग करून पाहिला असेलच?

हे हसले. म्हणाले, करून पाहिला. घरच्या मंडळींना सरळव्याज आणि चक्रवाढव्याज यांतला फरक समजावून सांगायला बसलो होतो. चांगला महिनाभर बसलो. शेवटी एके दिवशी मी विचारलं की आता सांग, दोहोंत फरक काय? तर म्हणाली, एकाने आमटी करपते आणि दुसऱ्याने भात.

सगळं दालन हसलं. कोणीतरी त्याचं इंग्रजी करून मडमेला सांगितलं, तीही हसली. पडद्याआडच्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. काहींनी पदर तोंडाला लावला. शेजारची मला कोपराने ढोसून म्हणाली, अगं, असं म्हणालीस होय? मी हसले. काय करायचं हे कळत नसलं की माणूस हसतं, तशी मी हसले. चिकाच्या फटीतून मला फक्त माझी मुलगी दिसत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. तिची मान ताठ होती आणि कान लाल झाले होते. तिला व्याज मीच शिकवलं होतं.

हसल्या नाहीत त्या फक्त शाळेच्या बाई. त्या बक्षिसांच्या टेबलापाशी उभ्या होत्या आणि पडद्याकडे बघत होत्या.

घरी आल्यावर मी पानं मांडली. हे जेवले. मुलगी डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली. मी ताट उचलायला वाकले आणि विचारलं, "मला फरक कळत नाही, हे तुम्हांला कोणी सांगितलं?"

ते जरा वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, सभेत काहीतरी बोलावं लागतं, ते घरात आणायचं नसतं. ठराव त्यांचा एकट्याचा नव्हता. कमिटीतली थोर मंडळी विरुद्ध होती, बढतीचा कागद वर गेलेला होता, त्या वेळी वाकडं जाणं शहाणपणाचं नव्हतं. मी म्हटलं, ठरावाचं राहू दे. ते आवाज चढवून म्हणाले, "मग मी काय सांगायला हवं होतं? की माझी परीक्षा बायकोने पास केली?"

"परीक्षा तुम्हीच पास केलीत," मी म्हटलं. "सांगायला नको होतं काहीच. गप्प बसता आलं असतं."

ते ओटीवर जाऊन बसले. मी भांडी घासायला घेतली. गडीमाणूस होता, तरी घासली. माझ्या मनात ठरावापेक्षा त्या आमटीचंच येत होतं. ते वाक्य त्यांना आयत्या वेळी सुचलं नव्हतं. इतकं बेतलेलं बोलणं आयत्या वेळी सुचत नाही. ते कचेरीत, बैठकीत, कुठे कुठे आधी सांगितलेलं असणार, आणि लोक हसले असणार, म्हणून ते टिकलं. म्हणजे ज्या दिवसांत मी समोर बसून मोहन्याच्या म्हशीचं व्याज काढत होते, त्याच दिवसांत बाहेर ही गोष्ट फिरत होती.

पुढच्या फिरतीच्या आधी ते नेहमीसारखे कागद घेऊन पाटावर येऊन बसले. दौत-टाक मांडला. शहापूरला पाचवीसाठी चार उदाहरणं हवीत, दोन चक्रवाढीची, असं म्हणाले. जणू मधे काही झालंच नव्हतं.

मी म्हटलं, "मला त्यातलं कळत नाही. चार माणसांत तुम्हीच सांगितलंत."

त्यांनी मला समजावलं, मग चिडले, मग दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी पुस्तकातली उदाहरणं आकडे बदलून घेऊन गेले. परत आले तेव्हा पाय धुतले, जेवले, झोपले. कोणाला काय सुटलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढे कधीच नाही.

काही महिन्यांनी शाळेच्या बाई एका दुपारी आमच्याकडे आल्या. मुलीच्या शिवणाबद्दल बोलायला आले, असं म्हणाल्या. मग मुलगी आत गेल्यावर त्यांनी सांगितलं की वरच्या परीक्षेला त्या बसणार आहेत, पगार वाढायचा तर ती पास व्हायला हवी, आणि व्याजाचा भाग त्यांना कोणी नीट शिकवलाच नव्हता. तुमच्या मुलीची पाटी मी पाहिली आहे, त्या म्हणाल्या. ती रीत शाळेतली नाही आणि रावसाहेबांचीही नाही. ते वेगळ्या तऱ्हेने मांडतात.

मी त्यांना शिकवायला लागले. आठवड्यातून दोनदा दुपारी त्या येत. हुशार होत्या, पण घाबरत, आणि घाबरलं की आकडे गिळत. मी त्यांना वडिलांसारखी गोष्ट करून सांगे. हळूहळू शाळेतल्या दोन थोरल्या मुलीही त्यांच्याबरोबर येऊ लागल्या. माझी मुलगी होतीच. आमच्या माजघरात चौघी जणी पाट्या घेऊन बसलेल्या बघून मला फार दिवसांनी बरं वाटलं.

हे एकदा फिरतीहून लवकर परतले आणि त्यांनी ते पाहिलं. त्या वेळी त्यांनी बाईंना नमस्कार केला. नंतर मला म्हणाले, हे बंद कर. गावात बोलणं होईल. कमिटीने जे काढून टाकलं तेच रावसाहेबांच्या घरी चालतं, असं लोक म्हणतील. मी म्हटलं, लोकांना सांगा, आमटी शिकवतेय. असं मी त्यांना कधी बोलले नव्हते.

त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मला वाटलं, मिटलं. महिन्याभरात बाईंची बदली झाल्याचं कळलं, दूर शहापूरच्याही पलीकडच्या एका लहान शाळेत. त्या निरोप घ्यायला आल्या तेव्हा हे घरात होते, तरी मी यांना बाहेर बोलावलं नाही. बाईंनी कोणाला दोष दिला नाही. फक्त म्हणाल्या की तिकडे गेल्यावर अभ्यासाला कोणी नसेल, तर राहिलेला भाग आजच संपवू या. आम्ही दिवेलागणीपर्यंत बसलो. त्या पुढे परीक्षेला बसल्या की नाही ते मला कळलं नाही.

बदली कोणी केली, हे मी यांना विचारलं. वरून हुकूम आला, असं ते म्हणाले. तो कागद त्यांच्या टेबलावरून गेला होता का, हेही विचारलं. सगळेच कागद टेबलावरून जातात, असं म्हणाले. मी त्याच्यापुढे गेले नाही. खरं सांगते, मला उत्तराची भीती वाटली.

असे पुष्कळ दिवस गेले. त्यांना बढती मिळाली. घरात उणं काही नव्हतं. ते माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत, आजारपणात उशाशी बसले, माझ्या वडिलांना शेवटच्या दिवसांत आमच्याच घरी ठेवून घेतलं. लोक मला भाग्यवान म्हणत आणि मी नाही म्हणत नसे.

मुलीचं लग्न झालं आणि जावई पहिल्यांदा दिवाळसणाला आले. मुंबईला शिकलेले, चांगले मोकळे होते. पंगतीत गप्पा चालल्या होत्या. बायकांच्या शिक्षणावर विषय आला आणि हे म्हणाले, अहो, मी स्वतः प्रयोग केलाय. मी वाढायचं भांडं घेऊन उभी होते. त्यांनी ती गोष्ट सांगितली. आता तिच्यात भर पडली होती. मी पाटी कशी उलटी धरली, सासूबाई कशा रागावल्या, त्यांनी मला कसं सांभाळून घेतलं, सगळं होतं. महिन्याचे आता सहा महिने झाले होते. जावई हसले आणि मग माझ्याकडे पाहून जरा संकोचले.

मी यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली. मला ती सापडली असती तर बरं झालं असतं. पण ते प्रेमाने सांगत होते. आठवणीत रमलेला माणूस सांगतो तसे. त्यांना खरोखरच ती पाटी उलटी धरणारी मुलगी दिसत होती. कल्याणच्या घरातलं अर्धं लोटलेलं दार, सुपातले तांदूळ, चारशे म्हणताना उजळलेला स्वतःचा चेहरा, यांतलं त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं. सासूबाई गेलेल्या. ते दिवस पाहिलेलं दुसरं माणूस आता जगात नव्हतं. सभेत ते माझ्याबद्दल खोटं बोलले, तेव्हा निदान खरं काय ते आम्हां दोघांना ठाऊक होतं. आता ते मला एकटीला ठाऊक होतं.

मुलगी पानावरून उठली. तिचं जेवण झालं नव्हतं. मी तिला खूण करून खाली बसवलं आणि जावयांना श्रीखंड वाढलं.

त्या दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, तू बोलली का नाहीस? मी बोलू का?"

मी तिला म्हटलं, नको. आता त्यांना सांगितलं तर ते मलाच विसराळू म्हणतील, आणि तेही मनापासून म्हणतील. ती रडली. मला रडू आलं नाही. मी तिच्या केसांत तेल घातलं, वेणी घातली. तिच्या सासरचं विचारलं.

हे जाऊन आता काही वर्षं झाली. तेव्हा भेटायला आलेल्या मंडळींत त्यांच्या हाताखालचे एक मास्तर होते. ते म्हणाले, रावसाहेबांची ती सुरुवातीची उदाहरणं काय सुरेख असत, मोहन्याची बाई, म्हैस, नव्वद रुपये पाच आणे. आम्ही ती अजून मुलांना घालतो. पुढे पुढे मात्र का कोण जाणे, ती मजा राहिली नाही. मी त्यांना चहा दिला आणि विचारलं की मुलांना सुटतात का? ते म्हणाले, एखाद्याला सुटतं. मी विचारलं, कसं सोडवतो तो? मास्तर जरा गोंधळले, पण भले होते. त्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढला आणि आमच्या ओटीच्या फरशीवर मांडून दाखवू लागले.